दाढी, अण्णांची आणि माझी

आमच्या घरात दाढीवरून आजवर दोनच मोठी भांडणं झाली. पहिलं १९८३ साली, माझ्या दाढीवरून. दुसरं परवाच्या पावसाळ्यात, अण्णांच्या दाढीवरून. मधली बेचाळीस वर्षं या विषयावर शांतता होती. ती समेटाची नव्हती. दोघांनीही विषय काढायचा नाही असं ठरवल्यामुळे आलेली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ९२. गिरगावातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं ओळीओळीने उभी केली. १९७२ साली चाळीतली खोली सोडून मुलुंड पूर्वेला नवघर रस्त्याजवळ दोन खोल्या घेतल्या. त्या वेळी गिरगावकर नातेवाईक ‘गावाला गेलात की काय?’ असं विचारत. मी १९८१ साली बँकेत चिकटलो. दोन वर्षांत एका दिवाळी अंकात माझी कथा छापून आली. कथा छापून आली म्हणजे दाढी ठेवायला हवी, असा त्या काळी माझ्यासारख्यांचा समज होता. महिनाभरात ती चांगली भरली. एका रविवारी अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “मी अजून जिवंत आहे.”

नव्या पिढीच्या वाचकांना हे वाक्य उलगडून सांगायला हवं. घरात सुतक असलं की पुरुष माणसं दाढी करत नाहीत. दहाव्या दिवशी क्षौर होतं. वाढलेले खुंट म्हणजे ‘यांच्याकडे कोणी तरी गेलंय’ हे रस्त्यावरच्या माणसालाही न विचारता कळे. श्रावणात दाढी न करणारेही असत, पण त्यांची ती महिन्याची दाढी वेगळी. मी मात्र बाराही महिने बाप मेल्यासारखा हिंडणार, हे अण्णांना सोसेना. दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. जे बोलायचं ते आईमार्फत. “त्याला म्हणावं, विजेचं बिल भर.” मी दोन फुटांवर बसलेला.

स्वतः अण्णांची दाढी म्हणजे आमच्या घरचं घड्याळ. सकाळी सहा वाजता अॅल्युमिनियमच्या मगात कढत पाणी, गोदरेजची गोल साबणवडी, झिजून अर्धा उरलेला ब्रश आणि जड पितळी सेफ्टी रेझर. आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला. ब्लेड आधी सेव्हन ओ’क्लॉक, नंतर टोपाझ. एक ब्लेड बरोबर सात दिवस चाले. रविवारी नवं निघे आणि जुनं आईच्या शिवणाच्या डब्यात जाई, उसवायला. शेवटी गालावर तुरटीचा खडा. दाढी झाली की ते तळहाताची पालथी बाजू जबड्यावरून फिरवत. एखादा खुंट राहिला असेल तर तो त्यांना सापडेच. चाळीस वर्षं उलट्या अक्षरांतून चूक शोधणारी बोटं ती.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप कुरकुरू लागली, ठोके अनियमित झाले आणि डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. पातळ करणारी म्हणायची आपली पद्धत. रक्त पातळ होत नाही, त्याला गोठायला वेळ लागतो, एवढंच. गोळीचं नाव वॉरफरिन. तिची कुळकथा मोठी मजेशीर आहे. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडातली गुरं कुजकट चारा खाऊन आतल्या आत रक्तस्राव होऊन मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्याचाच एक भाऊबंद १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आला आणि पुढे हलक्या मात्रेत माणसांसाठी औषध झाला. १९५५ साली हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही तो दिला गेला. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. “म्हणजे मी रोज उंदराचं औषध घेतो,” एवढंच म्हणून त्यांनी गोळी गिळली.

जुलैत एका सकाळी न्हाणीघराजवळून “अगं” अशी हाक आली. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी घाबरले की तीच हाक येते. जबड्याखाली ब्लेड लागलं होतं. जखम तांदळाएवढी. पण रक्त काही थांबेना. तुरटी झाली, कापूस झाला, एक टॉवेल पुरा भिजला. पाऊण तास मी बोटाने दाबून धरून उभा होतो, तेव्हा कुठे ते थांबलं. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्याला हात लावून मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो. तेव्हाच लक्षात आलं की त्यांच्या हातांना आता बारीक कंप आहे आणि मानेची कातडी घड्याघड्यांनी सुटली आहे. ब्लेडला घडी दिसत नाही.

डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला. “ब्लेड बंद. विजेवरचं काही तरी वापरा.”

अण्णांनी ऐकलं आणि दाढीच बंद केली. आधी मला वाटलं, बरं झालं. पण चार दिवसांनी ते खाली बागेतल्या कट्ट्यावर जाईनात. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीला जाईनात. आठव्या दिवशी रक्ततपासणीला न्यायचं होतं, तर तेही नको म्हणाले. ही तपासणी चुकवण्यासारखी नसते. गोळीची मात्रा त्या आकड्यावर ठरते. कमी पडली तर गाठ होण्याची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. बायकोने समजावलं, मी आवाज चढवला. शेवटी भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, “खाली गेलो तर लोक विचारतील, कोण गेलं म्हणून.”

तुम्ही म्हणाल, न्हाव्याला का नाही बोलावलं? आमच्याकडे दर रविवारी एक गृहस्थ घरी येत असत, वीसेक वर्षं येत होते. २०२०च्या टाळेबंदीत ते गावी गेले ते परतले नाहीत. त्या वर्षी मार्चमध्ये सलूनं बंद झाली आणि जूनच्या अखेरीस उघडली, तीही आधी फक्त केस कापायला. दाढीला परवानगी नव्हती. ट्रिमर नावाची वस्तू मध्यमवर्गीय घरांत शिरली ती याच काळात. स्टेशनाजवळच्या सलूनात मी चौकशी केली. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर, खाली उदबत्ती. मालक भला माणूस. गोळीचं नाव ऐकताच म्हणाला, “काका, आमच्या वस्तऱ्यात पण अर्धं ब्लेडच असतं. मी हात लावणार नाही. उद्या काही झालं तर?” त्याचं मला कौतुक वाटलं. नाही म्हणणं हेही या व्यवसायाच्या रक्तात आहे. १८९० साली याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा भरली होती आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्यांचं पोट त्या कामावर होतं, त्यांनी ते नाकारलं. मोठ्या घरच्या कित्येक सुधारकांना भाषणांपलीकडे जे जमलं नाही, ते या माणसांनी करून दाखवलं.

असो. तर यंत्र घ्यायचं ठरलं.

विजेच्या यंत्राचा आमच्या घरचा पूर्वेतिहास चांगला नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या मेहुण्याने माझ्यासाठी एक शेव्हर आणला. मी दाढीवाला हे तो विसरला असावा. मी तो अण्णांना दिला आणि मोठ्या ऐटीत पिन सॉकेटमध्ये खुपसली. अमेरिकेची वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३०. निळसर धूर निघाला आणि घरातला फ्यूज उडाला. मुंबईत राहून वीज मात्र राज्य विद्युत मंडळाची, ही आम्हा मुलुंड-भांडुपकरांची खासियत (आता त्या मंडळाच्या जागी महावितरण आहे). वायरमन दुसऱ्या दिवशी आला. अण्णा तोवर आपली दाढी आटपून वर्तमानपत्र वाचत बसले होते.

पस्तीसेक वर्षं कर्जाचे प्रस्ताव तपासल्यामुळे मला कुठलीही वस्तू सरळ विकत घेता येत नाही. वहीत रकाने आखले. किंमत, वजन, बॅटरी, पाणी चालतं का, हमी किती वर्षं. मग पूल ओलांडून पश्चिमेला गेलो. महात्मा गांधी रस्ता, पाच रस्ता, दुकानंच दुकानं. पहिल्या दुकानातल्या पोराने माझी दाढी पाहून विचारलं, “सर, स्टाइल कोणती? झिरो ट्रिम, फेड, की स्टबल?” त्याने खुंटाची दाढी मुद्दाम ठेवली होती. खुंट राखायलाच वीस पायऱ्यांचं यंत्र मिळतं, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने. म्हणजे आमच्या वडिलांना ज्या खुंटांची लाज वाटत होती, ते खुंट नीट राखण्यासाठी हा मुलगा दर आठवड्याला अर्धा तास घालवत होता. मी सांगितलं, “बाबा, ९२ वर्षांच्या माणसासाठी हवंय.” तो गोंधळला. मी स्वतःच स्वस्तातलं एक उचललं. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

त्या यंत्राला आठ तास चार्ज करायचं आणि पाऊण तास वापरायचं. आवाज मिक्सरसारखा. बॅटरी उतरू लागली की पातं मंदावतं आणि मंद पातं केस कापत नाही, ओढतं. अण्णांनी एकदाच गालाला लावून घेतलं, “आई गं” म्हणाले आणि माझा हात झटकला. ते यंत्र हल्ली कपाटावर असतं.

दुसऱ्या खेपेला एका जुन्या दुकानात गेलो. गल्ल्यावर कच्छी शेठ, वय माझ्याहून जास्त. त्यांनी आधी खुर्ची दिली. मग म्हणाले, “साहेब, ट्रिमर वेगळा अने शेव्हर वेगळा. तुम्हाला कुठला पाहिजे ते तुम्हालाच माहीत नाही.” खरंच माहीत नव्हतं. त्यांनी जे समजावलं ते इथे देतो, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

ट्रिमर म्हणजे कात्रीच, फक्त तिला पुष्कळ दात. एक दातेरी पट्टी स्थिर, दुसरी तिच्यावर भराभरा सरकणारी. तत्त्व जुनंच आहे. अमेरिकेत लिओ वाल या तरुणाने विजेचं केस कापायचं यंत्र १९१९ साली केलं. वर प्लॅस्टिकची फणी बसवली की जितक्या मिलिमीटरची फणी तितके केस उरतात. फणी काढली तरी अर्धा मिलिमीटर उरतोच, कारण पट्टीची जाडी मध्ये असते. म्हणून ट्रिमरने ब्लेडसारखी गुळगुळीत दाढी होत नाही. शेव्हरला पातळ जाळी असते. केस जाळीच्या भोकांत शिरतो आणि आतलं पातं तो कापतं. कातडी जाळीच्या बाहेर राहते. जेकब शिक यांचा शेव्हर १९३१ साली विक्रीला आला तेव्हापासून बेत तोच. पण जाळीला लांब केस चालत नाहीत, ते भोकात शिरत नाहीत. आठवड्याची दाढी असेल तर आधी ट्रिमरने उतरवायची, मग जाळी फिरवायची. एकाच यंत्राला ही दोन्ही डोकी बसतात असा संच मिळतो.

आणखी तीन गोष्टी शेठनी सांगितल्या, त्या माझ्या रकान्यांत नव्हत्या. एक, बॅटरी लिथियमची घ्या. शेवटपर्यंत जोर सारखा राहतो आणि तासा-दोन तासांत भरते. दोन, यंत्र हातात धरून पाहा, आवाज कानाशी ऐकून पाहा. म्हातारं माणूस आवाजाला घाबरतं. तीन, फणी तुटली तर सुटी मिळते का ते आधीच विचारा. पातं वर्षानुवर्षं टिकतं, फणी पहिल्या महिन्यात पडते. मी चार यंत्रं कानाशी धरली. मागे उभी असलेली बाई हसू दाबत होती. दोन हजारांहून थोड्या जास्त किमतीचं एक घेतलं. हलकं, नळाखाली धुता येणारं, दोन वर्षांच्या हमीचं. अण्णांना किंमत सांगताना मी आठशे सांगितली.

“आठशेमध्ये माझी सात वर्षांची ब्लेडं आली असती,” ते म्हणाले. हिशोब कुठल्या सालच्या भावाने केला, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

आता दुसरं भांडण. यंत्र त्यांच्या हातात देण्याची मला भीती वाटत होती, कारण विजेचं म्हणजे अगदीच निर्धोक असंही नाही. कातडीची घडी दातांत सापडली तर तीही सोलवटते. एका हाताने कातडी ताणून धरावी लागते, यंत्र सपाट टेकवावं लागतं, दाढी कोरडी ठेवावी लागते. म्हणून म्हटलं, मी करतो. ते ऐकेनात. “मला अजून हात आहेत.” मी म्हटलं, हात कापतात तुमचे. हे बोलायला नको होतं. ते गप्प बसले. १९८३ सालचंच गप्प.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी पेपर वाचत असताना समोर येऊन उभे राहिले, यंत्र हातात घेऊन. “आधी तुझ्यावर करून बघतो. मग तू माझी कर.”

सौदा चोख होता. माझ्या बँकेतल्या अनुभवाला तारणाशिवाय कर्ज मान्य नव्हतं, त्यांनाही नव्हतं. मी सहा मिलिमीटरची फणी लावून दिली, म्हणजे हात कापला तरी कातडीला धोका नाही. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, खुर्चीत बसलो आणि मान वर केली. त्यांनी डाव्या हाताने माझी हनुवटी धरली. बेचाळीस वर्षं त्यांनी या दाढीकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता चष्मा नाकावर सरकवून इतक्या जवळून पाहू लागले, की त्यांच्या श्वासातला ओवा मला जाणवत होता. “पांढरी झाली की रे सगळी,” म्हणाले.

हात कापत होता, पण गालाला टेकला की थांबे. बायकोच्याही ते लक्षात आलं. अधांतरी कापणारा हात कशावर तरी टेकवला की स्थिरावतो. डाव्या गालाला एक पट्टा, उजव्या गालाला एक. मागे सरून त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. “ही ओळ वर गेलीय.” म्हणून उजवीकडे थोडं कमी. मग डावी बाजू खाली आली. खिळ्यांची ओळ सारखी करायला मध्ये शिशाच्या पट्ट्या सारता येतात; दाढीत काही भरता येत नाही, काढताच येतं. तीन मिलिमीटरची फणी लावून झाली, मग एक मिलिमीटरची. अर्ध्या तासाने आरशात पाहिलं, तर दाढी म्हणावी असं काही उरलं नव्हतं. जे ठिपके उरले ते विचित्र दिसत होते. मिशीचाही एक कोपरा गेला होता. शेवटी मी स्वतःच सगळं सफाचट केलं, मिशीसकट. माझी हनुवटी एवढी आत गेलेली आहे हे मला ठाऊक नव्हतं. बायकोने स्वयंपाकघरातून येऊन पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

मग ठरल्याप्रमाणे अण्णा खुर्चीत बसले. आधी ट्रिमर, मग जाळी. जबड्याखाली आलो तेव्हा माझाच हात कापू लागला. तिथे जुलैतल्या जखमेची बारीक पांढरी खूण आहे. कातडी ताणून, श्वास रोखून तेवढा भाग केला. झाल्यावर त्यांनी तळहाताची पालथी बाजू फिरवली. कानाखाली एक खुंट सापडला. तो काढून घेतला. मग म्हणाले, “चल, तपासणीला जाऊ.”

रिक्षा आणायला मी खाली उतरलो. फाटकाशी वॉचमनने मला पाहिलं आणि तो स्टुलावरून उठून उभा राहिला. “काका, कधी झालं?” मला काही कळेना. तेवढ्यात समोरच्या इमारतीतले जोशी-कुलकर्णी प्रकारातले एक गृहस्थ चप्पल काढूनच जवळ आले आणि माझा खांदा दाबून म्हणाले, “वय झालंच होतं. सुटले.” बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, हे मी पार विसरलो होतो. मी “अहो, तसं नाही” म्हणेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली होती, आणि कट्ट्यावरचे दोघं हळूहळू उठून आमच्या जिन्याकडे निघाले होते.

ते वर पोचले तेव्हा अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दाराशी चपला शोधत होते. पुढे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, कारण मी रिक्षावाल्याशी बोलत होतो. पण रिक्षा मिळूनही आम्ही पाऊण तास उशिरा निघालो. वर चहा झाला होता. रिक्षात अण्णा सबंध वेळ बाहेर बघत होते. रेल्वे फाटकापाशी कधी काळी मिठागरं दिसायची तिथे मान वळवून म्हणाले, “मिशी तेवढी ठेव.”

रक्ताचा आकडा बरा आला. आता बुधवार आणि रविवार हे आमच्याकडे दाढीचे वार आहेत. गॅलरीत पेपर पसरायचा, आदल्या दिवशीचा. त्या दिवशीचा पसरलेला त्यांना चालत नाही. यंत्र धुऊन, पुसून, पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून तेच ठेवतात. तेलाची गरज नाही असं माहितीपत्रकात लिहिलं आहे, मी ते वाचून दाखवलं. “लिहिणारा लिहितो,” म्हणाले. शेठ म्हणाले होते तसं एक मिलिमीटरची फणी दुसऱ्याच आठवड्यात पडून तुटली. ती सुटी मागवली आहे. तीन मिलिमीटरची सध्या माझ्याकडे आहे, मिशीसाठी. ती बुधवारपर्यंत डब्यात परत ठेवायची आहे.